मिस्त्री म्हणतो, काढून टाका!

पाच-सहा वर्षं जालना जिल्ह्यात फिरलेल्या मोटारीखाली वाकून बघा. इंजिनखालचं काळं प्लॅस्टिकचं कव्हर शाबूत तरी असेल, तारेने बांधलेलं तरी असेल, नाहीतर गायब. गायब असेल तर ते कधी गेलं, हे मालकाला बहुधा सांगता येत नाही, कारण काढायचं असं त्याने कधी ठरवलेलंच नसतं. ऑईल बदलताना ते खाली उतरतं, दोन बोल्ट सापडत नाहीत आणि "दादा, याचा काही उपयोग नाही, उलट इंजिन गरम होतं, राहू द्या" म्हणत मिस्त्री ते भिंतीला टेकवून ठेवतो. भिंतीला अशी चार-पाच कव्हरं आधीच उभी असतात.

मिस्त्रीची अडचण खोटी नाही. कव्हर उतरवायचं म्हणजे दहाच्या पान्याने बोल्ट खोलायचे आणि वर प्लॅस्टिकच्या क्लिपा सोडवायच्या. क्लिपची मधली कळ आधी उचलली तरच ती अलगद निघते. पण काळी माती त्या कळीभोवती शिरून वाळली, की नख सोडा, स्क्रू ड्रायव्हरचं टोकही आत जात नाही. मग उचकटणं आलं आणि क्लिप तुटली. नवी क्लिप किरकोळ किमतीत मिळते, पण त्या दिवशी गॅरेजमध्ये नसते. कव्हर जाण्याचं खरं कारण एवढंच. "इंजिन गरम होतं" हे शास्त्र मागाहून जोडलेलं असतं.

तरी त्या शास्त्राचं काय ते बघू, कारण उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या गावात ते लगेच पटतं. खालून उघडं असलं की हवा लागणार आणि इंजिन थंड राहणार! पण इंजिन किती तापू द्यायचं, हे थर्मोस्टॅट ठरवतो. पाणी 80 ते 90 अंशांच्या आसपास तापलं की तो झडप उघडतो आणि पाणी रेडिएटरकडे सोडतो. रेडिएटरमधून हवा आरपार जाते ती पुढे दाब जास्त आणि मागे कमी असतो म्हणून. खालचं कव्हर हा फरक टिकवायला हातभार लावतं. गाडीची रचनाच ते धरून केलेली असते. काढल्यावर एखादी गाडी गरम होणार नाही, पण थंड होईल ही आशाही फोल. काटा वर चढत असेल तर कूलंट, पंखा, थर्मोस्टॅट आणि मातीने बुजलेली रेडिएटरची जाळी तपासायला हवी.

आपल्याकडे या कव्हराची खरी कमाई दिसते ती पावसाळ्यात. भोकरदन, जाफराबाद, घनसावंगी, मंठा, कुठल्याही तालुक्यात डांबरी सोडून पांदण रस्त्याला लागा. काळी माती पाणी पिऊन फुगते, चिकटते आणि वाळली की दगड होते. पुढच्या चाकांनी उडवलेला हा राडा थेट इंजिनाच्या बाजूला जातो, तिथे अल्टरनेटर आणि एसीच्या कॉम्प्रेसरच्या पुलींवरून पट्टा फिरत असतो. मातीतले बारीक कण पट्टा आणि पुलीच्या मधे सापडले की घासकागदाचं काम करतात. आधी चिर्रर्र आवाज येतो, मग पट्टा जातो, मग बेअरिंग. वायरींच्या जोडांत ओल शिरली की डॅशबोर्डवर दिवे लागतात आणि सेन्सर बदलत बसावं लागतं. नळकांडी पुलावरून वाहणाऱ्या पाण्यात गाडी घालायची नसतेच. पण रस्त्यात साचलेल्या वीतभर पाण्यातून जाताना उडणारा फवारा हे कव्हर बऱ्यापैकी अडवतं.

दुसरा उपयोग समृद्धी महामार्गावर. निधोन्याला वर चढलं की मोटारीला ताशी 120 किलोमीटरची मुभा आहे. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. 60 चा वेग 120 केला की तो चौपट. गाडीच्या पोटाखाली इंजिन, गिअरबॉक्स, नळ्या असा उंचसखल पसारा असतो, त्यात हवा अडखळते. सपाट कव्हर तिला सरळ मागे जाऊ देतं. सिट्रोएन कंपनीने 1955 मध्ये आणलेल्या डीएस मोटारीचं पोट याच विचाराने बरंच सपाट ठेवलं होतं. कव्हर नसेल तर थोडं इंधन जास्त जाईल आणि घरघर वाढेल. आभाळ काही कोसळणार नाही. नुसतं शहरात, जुना मोंढा ते अंबड चौफुली करणाऱ्याला तर हा फरक जाणवणारही नाही.

मात्र हे कव्हर म्हणजे चिलखत, असा समज असेल तर तो आधी काढून टाका. दोन-तीन मिलिमीटर जाडीचं प्लॅस्टिक, काही गाड्यांत तर दाबलेला नमदा. चिखल अडवायला ते पुरेसं आहे, दगडापुढे टिकत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गोलाकार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि जेमतेम 10 सेंटिमीटर उंच असायला हवा. आपल्या गावांच्या वेशीवर रातोरात उगवणारे गतिरोधक या मापात बसत नाहीत, हे सांगायला टेप लागत नाही. पाच माणसं आणि मागे मोसंबीच्या गोण्या घेऊन छोटी गाडी त्यावरून गेली की आधी कव्हर घासतं, मग ऑईलचं चेंबर. लोखंडाच्या कारखान्यांच्या रस्त्यावर ट्रकमधून सांडलेला भंगाराचा तुकडा किंवा शेतात उभे राहिलेले पऱ्हाटीचे खुंट, यांच्यापुढेही प्लॅस्टिकचं काही चालत नाही.

चेंबरला मार बसला तर काय करायचं, ते इथेच सांगून टाकतो, कारण कव्हरापेक्षा ही गोष्ट महागाची आहे. छोट्या गाडीत साधारण तीन-चार लिटर ऑईल असतं; तडा मोठा असेल तर ते बघता बघता रस्त्यावर सांडतं. ऑईलचा लाल दिवा लागला की इंजिन त्याच जागी बंद करायचं. "पुढच्या फाट्यापर्यंत नेऊ" म्हणालात की इंजिन जाम झालंच. साध्या विमा पॉलिसीत धडकेचं नुकसान मिळू शकतं, पण त्यानंतर गाडी चालवत राहिल्याने झालेलं नुकसान सहसा धरत नाहीत.

मग लोखंडी प्लेट बसवावी का? रोज शेतात गाडी घालणाऱ्याने जरूर विचार करावा, पण त्याच मॉडेलसाठी बनवलेली, ऑईल काढायला खिडकी आणि हवेला फटी असलेली प्लेटच घ्यावी. वेल्डिंगवाल्याकडून सरसकट पत्रा ठोकून घेण्यात अर्थ नाही. तो जड असतो, खडखडतो, मातीचा ढीग साठवतो आणि समोरून धडक बसल्यावर गाडीचा पुढचा भाग जसा दबायला हवा त्यात आडवाही येऊ शकतो.

काढण्याच्या बाजूनेही दोन मुद्दे आहेत आणि ते वजनदार आहेत. कव्हर गळती लपवतं. ऑईल फरशीवर न पडता आत साठतं, आणि नमद्याचं कव्हर असेल तर ते तेलाने भिजतं. दुसरा मुद्दा काडाचा. सोयाबीन, तूर रस्त्यावर पसरून गाड्यांखाली मळून घ्यायची सवय सुटलेली नाही. असं काड चाकांना, सांध्यांना गुंडाळून मोटार पेटल्याच्या बातम्या कर्नाटकातून येत असतात. कव्हराच्या कडेला काड आणि वाळलेलं गवत अडकून राहतं हे खरं, पण पेटवणारा भाग सायलेन्सरचा, आणि तो बहुतेक गाड्यांत कव्हराच्या मागे उघडाच असतो. 1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 नियमांनंतरच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत काजळी जाळणारी गाळणी असते. ती स्वतःला साफ करताना आत 600 अंशांच्या घरात तापते. अशी गाडी तुराट्यांच्या ढिगाशेजारी उभी करू नये, कव्हर असो वा नसो. खळ्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर संसार थाटतात तेही कव्हराच्या वरच.

तेव्हा कंपनीने दिलेलं कव्हर ठेवावं, हे माझं मत. अनेक छोट्या गाड्यांना पूर्ण कव्हर नसतंच. त्यांनी ते मुद्दाम शोधत बसू नये. अर्धवट फाटून लोंबकळणारं कव्हर मात्र तेवढ्यापुरतं काढून टाकलेलंच बरं, कारण 100 च्या वेगात ते वाऱ्याने खाली वाकून चाकाखाली जाऊ शकतं. तारेने बांधणं हा एका दिवसाचा इलाज. सायलेन्सरजवळ नायलॉनची दोरी तर अजिबात नको. ऑईल बदलाल तेव्हा कव्हराच्या आतली माती धुवून घ्या आणि कुठे गळतंय का, ते त्याच वेळी बघा. पावसाळ्याआधी तुमच्या मॉडेलच्या डझनभर क्लिपा आणून डिकीत टाका आणि सर्व्हिसिंगला जाताना मिस्त्रीच्या हातात द्या.