दाण्यांचा हिशेब

सप्टेंबर १९६७. ब्राझीलमधल्या रिओ द जानेरो शहरात जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीची बैठक भरली होती. जगभरचे अर्थमंत्री जमले होते. त्यात सिंगापूरचे डॉ. गो केंग स्वीही होते. देशाला स्वतंत्र होऊन जेमतेम दोन वर्षं झालेली, तिजोरी बेताची आणि माणूस पैशाच्या बाबतीत महाकाटेकोर. बैठकीतून सवड काढून ते तिथल्या प्राणिसंग्रहालयात गेले आणि एका भल्यामोठ्या जाळीघरात शिरले. आत पक्षी मोकळे उडत होते आणि माणसं त्यांच्या मधून चालत होती. पिंजऱ्याबाहेर उभं राहून आत बघण्याचा प्रकारच नव्हता, कारण बघणाराही पिंजऱ्यातच!

गो यांना हे फार आवडलं. मायदेशी जुरॉंग नावाच्या दलदलीच्या भागात त्यांनी औद्योगिक वसाहत उभारायला घेतली होती. सुरुवातीला तिथे कारखाने येईनात, तेव्हा लोक तिला ‘गो यांचा मूर्खपणा’ म्हणून हिणवत. पुढे कारखाने आले, पण कामगारांची बायकापोरं तिथे राहायला यावीत तर त्यांना सुट्टीच्या दिवशी जायला एखादी जागा हवी. मग प्राणिसंग्रहालयच का नाही? याचं जे उत्तर सांगितलं जातं, ते खास अर्थमंत्र्याचं आहे: वाघसिंहांना मांस लागतं, पक्ष्यांना दाणे. दाणे स्वस्त.

हिशेब एवढाच. त्यातून ३ जानेवारी १९७१ रोजी जुरॉंग टेकडीच्या पश्चिम उतारावर पक्षी उद्यान उघडलं. वीस हेक्टर म्हणजे सुमारे पन्नास एकर जागा आणि ३५ लाख सिंगापूर डॉलर खर्च. आराखड्यासाठी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातले वास्तुरचनाकार जॉन टूवी आणि तिथल्या पक्षिविभागाचे जॉन यिलंड यांची मदत घेतली. सिंगापूरचं आज जगप्रसिद्ध असलेलं प्राणिसंग्रहालय उघडलं १९७३ साली. म्हणजे या देशात वाघांच्या आधी पोपटांची सोय झाली.

रिओचं ते जाळीघर गो विसरले नव्हते. जुरॉंगमध्ये टेकडीची एक अख्खी घळच जाळीखाली घेतली, सुमारे दोन हेक्टर. घळीच्या टोकाला तीस मीटर उंचीचा धबधबा, म्हणजे साधारण दहा मजल्यांवरून कोसळणारं पाणी. तो पूर्णपणे माणसाने बनवलेला. पंप पाणी वर चढवत, ते खाली पडे, पुन्हा वर जाई. आत मात्र झाडी, ओढा, तुषार आणि शेकडो आफ्रिकी पक्षी. अशा जाळीघराची खरी करामत दारात असते. एकामागे एक दोन दारं, मध्ये छोटी जागा. पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. एवढ्या साध्या युक्तीवर सगळं मोकळं आकाश तोललेलं. १९९२ साली तर या उद्यानात उंच रुळावरची वातानुकूलित गाडी आली आणि ती थेट या जाळीघरातून जाई. २०१२मध्ये ती बंद झाली. सिंगापूर-मलेशियाच्या सहलीला गेलेल्या कितीतरी मराठी घरांतल्या अल्बमांत तिच्या खिडकीतून काढलेले धूसर फोटो असतील.

पण दाण्यांच्या हिशेबाकडे परत येऊ या, कारण तो चुकला. म्हणजे मांस वाचलं हे खरं, पण पक्षी दाण्यांवर भागवणारी जात नव्हे, हे पक्षी पाळणाऱ्याला लगेच कळतं. पेंग्विनला मासे हवेत, शिवाय विषुववृत्ताजवळच्या उकाड्यात थंडगार खोली हवी. लोरी हे झगमगीत रंगांचे छोटे पोपट, त्यांच्या जिभेच्या टोकाला रंगाऱ्याच्या कुंचल्यासारखे तंतू असतात. ते फुलांतला मध आणि पराग टिपतात, म्हणून त्यांना गोड पातळ खाद्य तयार करून द्यावं लागतं. जुरॉंगमध्ये त्यांच्यासाठी नऊ मजली उंचीचं जाळीघर होतं, झुलत्या पुलांचं. हातात मधुर पेयाची वाटी धरली, की डोक्यावर, खांद्यावर, चष्म्यावर लोरी!

रोहित, म्हणजे आपला फ्लेमिंगो, त्याहून नाजूक प्रकरण. त्याचा गुलाबी रंग त्याचा स्वतःचा नसतोच, तो खाण्यातून येतो. शेवाळ आणि बारीक कोळंबीसारख्या जिवांतली रंगद्रव्यं पोटात गेली, तर पिसं गुलाबी. उद्यानात ती खाद्यात मिसळली नाहीत, तर दोन-चार वेळा पिसं झडून आल्यावर पक्षी पांढुरका दिसू लागतो. शिवाय गर्दी असल्याशिवाय त्याला घरटं करण्याची इच्छाच होत नाही. काही प्राणिसंग्रहालयांत थवा मोठा भासावा म्हणून चक्क आरसे लावतात. ठाण्याच्या खाडीत हजारोंनी उतरणाऱ्या रोहितांना हे कळलं तर काय वाटेल, कोण जाणे.

आणि फळं खाणारे धनेश, टूकन, मैना, स्वर्गीय पक्षी? त्यांच्या शरीराला लोह साठवून ठेवायची खोड असते. रानात ते लोह कमी असलेल्या फळांवर वाढले, म्हणून मिळेल तेवढं शोषून घ्यायची सवय. पिंजऱ्यात साधं खाणं दिलं तरी यकृतात लोह साचत जातं आणि पक्षी मरतो. म्हणून त्यांचं खाद्य मोजूनमापून, संत्रं-मोसंबी टाळून, कारण आंबट फळांतलं ‘क’ जीवनसत्त्व लोह आणखी शोषायला लावतं. गो यांच्या दाण्यांच्या गोणीत हे काही बसत नव्हतं.

नुसतं खाणं देऊनही भागेना. पक्ष्यांना हवामानही लागतं. आग्नेय आशियातल्या रानपक्ष्यांच्या जाळीघरात रोज भर दुपारी वादळ येई. आधी गडगडाट, मग छताच्या फवाऱ्यांतून पाऊस. पर्यटक छत्र्या उघडत आणि पक्षी पंख पसरून न्हाऊन घेत. निशाचरांच्या इमारतीत तर दिवसरात्रच उलट केलेली. रात्रभर दिवे लख्ख, दिवसा अंधार. म्हणजे आपण सकाळी अकराला गेलो, की घुबडाची मध्यरात्र. एका घुबडासाठी सूर्य फिरवायचा, हा उद्योग बघून हसू येतं आणि हातही जोडावेसे वाटतात.

या सगळ्या लाडांचं फळ २००१मध्ये मिळालं. न्यू गिनीतल्या ‘बारा तारांच्या’ स्वर्गीय पक्ष्याचं पिल्लू इथे वाढलं. पिंजऱ्यात या जातीची वीण होण्याची ही जगातली पहिली वेळ. या नराच्या पाठीमागून बारा काळ्या तारा निघतात आणि प्रियाराधन करताना तो त्या मादीच्या तोंडावरून फिरवतो. याला नाच म्हणावं की गुदगुल्या, हे ज्याने त्याने ठरवावं.

मला मात्र सगळ्यात भावते ती एका धनेशाची गोष्ट. जॅरी नावाचा महाधनेश, वय २२. तोच पक्षी, जो सह्याद्रीत आणि गोव्याच्या रानांत आजही दिसतो आणि कोकणात बरेच जण ज्याला गरुडच म्हणतात. त्याच्या चोचीवर पिवळं शिरस्त्राणासारखं शिंग असतं. २०१८मध्ये जॅरीच्या शिंगाला कर्करोग झाला. डॉक्टरांनी आणि अभियंत्यांनी त्याच्या मापाचं नवं शिंग त्रिमितीय छपाईने बनवलं, रोगट भाग कापला आणि ते बसवलं. दुसऱ्या दिवशी जॅरी जेवू लागला. पुढची गंमत त्याची त्याने केली. महाधनेशाच्या शिंगाचा पिवळा रंग हा शेपटीजवळच्या तेलग्रंथीतल्या तेलाचा असतो, पक्षी डोकं घासून तो रोज चढवतो. जॅरीने कृत्रिम शिंगही तिथे घासायला सुरुवात केली. म्हणजे पठ्ठ्याने ते आपलं मानलं.

धनेशाशी या उद्यानाचं आणखी एक नातं आहे, आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात मोठं काम तेच. काळा-पांढरा छोटा धनेश सिंगापूरच्या रानातून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नाहीसा झाला होता. १९९४मध्ये पुलाव उबिन या बेटावर एक जोडी पुन्हा दिसली. पण धनेशाला घरटं बांधता येत नाही, त्याला जुन्या झाडाची ढोली लागते, आणि मोठी झाडं उरली होती कुठे? ढोलीत मादी शिरते, दार लिंपून घेते, एक फट तेवढी ठेवते, आणि नर कितीतरी आठवडे त्या फटीतून तिला आणि पिल्लांना भरवत राहतो. २००४पासून उद्यानाने सरकारी उद्यान विभाग आणि नानयांग विद्यापीठासह बनावट ढोली झाडांवर टांगल्या, आत कॅमेरे बसवले. पक्ष्यांनी त्या पसंत केल्या. आज सिंगापूरमध्ये हे धनेश शंभरावर आहेत आणि सरकारी वसाहतींतल्या लोकांच्या गॅलरीच्या कठड्यावरही येऊन बसतात.

जुरॉंगचं उद्यान ३ जानेवारी २०२३ रोजी बंद झालं, उघडल्याला बरोबर बावन्न वर्षं झाली त्या दिवशी. पक्षी शहराच्या उत्तरेला मंडाई इथे हलवले. तिथे ८ मे २०२३ला ‘बर्ड पॅरडाइज’ सुरू झालं. सतरा हेक्टर जागा, सुमारे चारशे जातींचे साडेतीन हजार पक्षी आणि आत चालत जायची आठ जाळीघरं. पिंजरे जवळजवळ संपलेच. रिओत गो यांना जे एका जाळीखाली दिसलं, तेच आता उद्यानाचा नियम झालं आहे.

तेव्हा सिंगापूरची सहल ठरवत असाल आणि कुणी जुन्या आठवणीने ‘जुरॉंग बर्ड पार्क’ असं यादीत लिहिलं असेल, तर ते खोडून मंडाई लिहा. शेजारीच प्राणिसंग्रहालय आहे, पण एका दिवसात दोन्ही उरकायचा मोह टाळा. पक्षी सकाळी बघायचे असतात.