व्हिसाशिवाय विसावा? ट्रान्झिटच्या चक्रावून टाकणाऱ्या गोष्टी!

माहीत आहे का? मावशीच्या पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा आहे, टोरंटोचं तिकीट हातात आहे, लेकीसाठी केलेले बेसनलाडू बॅगेत आहेत, तरीही मुंबईच्या चेक-इन काउंटरवरूनच तिला घरी परतावं लागू शकतं! कारण? तिचं विमान वाटेत अमेरिकेतल्या नुअर्कला बदलतंय आणि अमेरिकेचा व्हिसा तिच्याकडे नाही.

पण ती अमेरिकेत जातेय कुठे? दोन तास बसणार, कॉफी पिणार, पुढच्या विमानात चढणार! नाही हो. कोल्हापूरहून नाशिकला जाताना पुण्यात एसटी बदलली, तर पुण्यात शिरायला कुणी परवाना मागत नाही. विमानाच्या दुनियेत मात्र थांबा हाही एक देश असतो, आणि त्या देशाचे नियम तुमच्या बोर्डिंग पासपेक्षा मोठे असतात.

तर बेल्ट बांधा, टेक-ऑफ करूया!

अमेरिकेत 'नुसतं ट्रान्झिट' असा प्रकारच नाही, माहीत आहे का? दुबई, सिंगापूर, दोहा या विमानतळांवर इमिग्रेशनच्या अलीकडेच राहून एका आंतरराष्ट्रीय विमानातून दुसऱ्यात जाता येतं. त्याला एअरसाइड ट्रान्झिट म्हणतात. अमेरिकेतल्या विमानतळांची रचनाच वेगळी. तिथे देश सोडताना इमिग्रेशनचं काउंटर लागत नाही. लंडनला निघालेला माणूस आणि शिकागोला निघालेला माणूस एकाच हॉलमध्ये शेजारीशेजारी बसलेले असतात. म्हणून बाहेरून आलेल्या प्रत्येकाला आधी देशात 'प्रवेश' घ्यावाच लागतो, मग तो दोन तासांत परत उडणार असला तरी! बोटांचे ठसे, फोटो, प्रश्न आणि बहुतेक वेळा बॅग उचलून पुन्हा बेल्टवर टाकणं, सगळं साग्रसंगीत.

भारतीय पासपोर्टवाल्यांकडे अमेरिकेचा दुसरा कुठला व्हिसा नसेल, तर त्यासाठी खास सी-१ नावाचा ट्रान्झिट व्हिसा असतो. फी १८५ डॉलर, मुक्काम जास्तीत जास्त २९ दिवस. पूर्वी काही प्रवाशांना व्हिसाशिवाय अमेरिकेतून पुढे जाता येत असे. ९/११ नंतरच्या सुरक्षेच्या काळात, २ ऑगस्ट २००३ रोजी, ती सोय बंद झाली ती झालीच.

आणि हे ऐका! एअर न्यूझीलंडचं विमान कित्येक वर्षं लंडन ते ऑकलंड असं लॉस एंजेलिसमार्गे जायचं. लंडनहून न्यूझीलंडला निघालेल्या, अमेरिकेशी काडीचं देणंघेणं नसलेल्या प्रवाशालाही मध्येच लॉस एंजेलिसला अमेरिकी इमिग्रेशनच्या रांगेत उभं राहावं लागे. २०२० मध्ये ही सेवा थांबली.

'सीवन-डी' ऐकलंय? रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्यात ज्यांच्या घरचं कुणी जहाजावर आहे, त्यांना विचारा. आईला, बायकोला, शेजारच्या काकांनासुद्धा हा शब्द पाठ असतो. सी-१ म्हणजे ट्रान्झिट, डी म्हणजे जहाज-विमानावरचे कर्मचारी, आणि दोन्ही मिळून एकच व्हिसा. अमेरिकी बंदरात जहाज पकडायला विमानाने जाणारा खलाशी ट्रान्झिटवाला आणि कर्मचारीही!

आता गोव्यातलाच एक झकास प्रकार. समजा, सासष्टीतले दोन सख्खे भाऊ. थोरल्याकडे भारतीय पासपोर्ट, धाकट्याने पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला. दोघे एकाच विमानाने, शेजारच्या सीटवर बसून, अमेरिकेमार्गे कॅनडाला निघाले. थोरल्याला अमेरिकेचा व्हिसाही हवा आणि कॅनडाचाही. धाकट्याला? अमेरिकेसाठी ईस्टा ही ऑनलाइन परवानगी, कॅनडासाठी तशीच ईटीए. तीही ७ कॅनेडियन डॉलरमध्ये! आई एक, विमान एक, कागदपत्रं मात्र दोन वेगळ्या जगांची.

या ईस्टाची फी कशी चढत गेली माहीत आहे का? २००९ च्या जानेवारीत ती सक्तीची झाली, तेव्हा चक्क फुकट होती. पुढच्या वर्षी १४ डॉलर, मग २१, आणि सप्टेंबर २०२५ च्या अखेरीपासून ४० डॉलर. ही 'ऑनलाइन परवानगी' सगळ्यात आधी कुणी आणली, ओळखा पाहू! अमेरिका? चूक. ऑस्ट्रेलिया! १९९६ साली, म्हणजे आपल्याकडे सायबर कॅफेसुद्धा कौतुकाची गोष्ट होती तेव्हा. सिडनी ऑलिंपिकला अजून चार वर्षं बाकी होती.

फुकटवरून आठवलं. ऑस्ट्रेलियाच्या ट्रान्झिट व्हिसाला आजही फी नाही, मुक्काम ७२ तासांपर्यंत. कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसाही फुकट, ४८ तासांपर्यंत. फुकट आहे म्हणून तो आपोआप मिळत नाही हं! अर्ज आधीच करावा लागतो.

आता थोडं लंडन. हीथ्रोला नुसतं विमान बदलायचं असलं, तरी भारतीय प्रवाशाला 'डायरेक्ट एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा' लागतो. पण थांबा, सूट आहे! अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असेल तर बहुतेक वेळा हा वेगळा व्हिसा लागत नाही. न्यू जर्सीला नातवाला बघायला निघालेले आजी-आजोबा हीथ्रोमार्गे बिनघोर जातात, ते याच सवलतीमुळे. ग्रीन कार्डवाल्यांनाही सूट आहे, पण कार्ड २१ एप्रिल १९९८ रोजी किंवा त्यानंतर दिलेलं हवं. इतकी नेमकी तारीख! नियम लिहिणाऱ्यांच्या बारकाईला दाद द्यायलाच हवी.

आता खरी काळजीची गोष्ट, अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींसाठी. एच-वन-बी या नोकरीच्या परवानगीची मुदतवाढ मिळालेली असते, अमेरिकेत राहणं पूर्ण कायदेशीर असतं, पण पासपोर्टवरच्या व्हिसाच्या स्टॅम्पची तारीख उलटून गेलेली असते. दिवाळीला घरी यायचं म्हणून युरोपमार्गे स्वस्त तिकीट काढलं जातं. ट्रान्झिटची सूट मात्र बऱ्याचदा चालू व्हिसावर अवलंबून असते, राहण्याच्या परवानगीवर नाही. फराळ इथे तयार, आणि लेक तिकडे एअरपोर्टवरच! मनापासून सांगते, तिकीट काढण्याआधी स्टॅम्पची तारीख बघाच.

जर्मनीबद्दल मात्र गोड बातमी आहे. फ्रँकफर्ट-म्युनिकला विमान बदलायला भारतीयांना वर्षानुवर्षं एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसाचे नियम पाळावे लागले. जानेवारी २०२६ मध्ये चान्सलर फ्रीडरिश मेर्त्स भारतात आले आणि भारतीय पासपोर्टवाल्यांना व्हिसाशिवाय ट्रान्झिट देण्याची घोषणा झाली. टाळ्या! फक्त घोषणा आणि काउंटर यांच्यामध्ये अंमलबजावणी नावाचं एक स्टेशन असतं. म्हणून निघण्याआधी ताजा नियम तपासा.

आणि शेंगेनचा, म्हणजे आपसात सीमा-तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाचा, सापळा ओळखता का? मुंबई–फ्रँकफर्ट–पॅरिस–न्यूयॉर्क असं तिकीट घेतलंत, तर फ्रँकफर्ट ते पॅरिस हा प्रवास शेंगेनच्या 'आतला' होतो. मग ते ट्रान्झिट राहत नाही, ती एन्ट्री होते आणि पूर्ण शेंगेन व्हिसा लागतो. युरोपात एकच थांबा घेतला तर एक कायदा, दोन घेतले तर दुसराच!

इतकं सगळं चेक-इन काउंटरवरच्या मुलीला पाठ कसं असतं? नसतं! ती टाइमॅटिक बघते. आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेचा हा डेटाबेस. १९६३ साली तो जाडजूड पुस्तकाच्या रूपात सुरू झाला, आज तो स्क्रीनवर आहे. तुमचा पासपोर्ट कुठला, व्हिसा कुठला, थांबा कुठे, हे भरलं की 'जाऊ द्या' किंवा 'थांबवा' हे समोर येतं. आणि विमान कंपन्या इतक्या कडक का, माहीत आहे का? योग्य कागद नसलेला प्रवासी नेला तर ब्रिटन विमान कंपनीला माणशी २,००० पौंडांपर्यंत दंड ठोकतं. वर त्याला परत नेण्याची जबाबदारीही कंपनीची. म्हणजे इमिग्रेशनचा पहिला पहारा परदेशात नाही, मुंबईच्या सहार विमानतळावरच सुरू होतो!

मूड बदलूया. चला चीनला! चीनने डिसेंबर २०२४ मध्ये ठरावीक देशांच्या ट्रान्झिट प्रवाशांना तब्बल २४० तास, म्हणजे दहा दिवस, व्हिसाशिवाय राहायची मुभा दिली. त्यातली एक अट मजेशीर: ज्या देशातून आलात, तिथेच परत जायचं नाही, तिसरीकडे जायचं. हाँगकाँगला गेलात तरी ते 'तिसरीकडे' धरलं जातं! त्या यादीत भारत नाही. पण २४ तासांच्या आतलं ट्रान्झिट बहुतेक चिनी विमानतळांवर सगळ्या देशांच्या नागरिकांना व्हिसाशिवाय करता येतं, आपल्यालाही.

सिंगापूर तर ट्रान्झिटवाल्यांचं माहेर! आत फुलपाखरांची बाग, सिनेमा, सगळं हजर. पण ४० मीटर उंचीचा तो जगप्रसिद्ध इनडोअर धबधबा ज्या ज्युएल मॉलमध्ये आहे, तो इमिग्रेशनच्या बाहेर आहे. धबधब्यापाशी सेल्फी हवा, तर सिंगापुरात प्रवेश हवा. गंमत म्हणजे टर्मिनलना जोडणारी स्कायट्रेन ज्युएलच्या पोटातून जाते, त्यामुळे ट्रान्झिटवाल्यांना काचेतून धबधबा दिसतो. आणि अमेरिका, ब्रिटन, जपान अशा ठरावीक देशांचा व्हिसा असलेल्या भारतीयांना वाटेत ९६ तास व्हिसाशिवाय सिंगापूर बघता येतं. म्हणजे शेवटी सेल्फी मिळतोच!

आखातही मागे नाही. दुबईचा ४८ तासांचा ट्रान्झिट व्हिसा फुकट, ९६ तासांचा ५० दिरहममध्ये. सौदी अरेबियाने २०२३ पासून सौदिया आणि फ्लायनासच्या तिकिटाबरोबर ९६ तासांचा स्टॉपओव्हर व्हिसा द्यायला सुरुवात केली. त्यावर उमराहसुद्धा करता येतो. आणि अबू धाबीची तर कमालच! तिथे अमेरिकी अधिकारी स्वतः बसलेले असतात. अमेरिकेचं इमिग्रेशन अबू धाबीतच उरकतं आणि न्यूयॉर्कला तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे थेट बाहेर पडता. या 'प्रीक्लिअरन्स'ची सुरुवात १९५२ मध्ये टोरंटोला झाली.

ट्रान्झिटने जगाला काय दिलं, माहीत आहे का? ड्यूटी फ्री! अटलांटिक ओलांडणारी विमानं इंधन भरायला आयर्लंडमधल्या शॅननला थांबायची. त्या वेळात प्रवाशांना काहीतरी विकूया, या कल्पनेतून ब्रेंडन ओ'रेगन यांनी १९४७ मध्ये जगातलं पहिलं ड्यूटी फ्री दुकान थाटलं. आयरिश कॉफीसुद्धा तिथून जवळच्या फॉइन्सची. खराब हवामानात अडकलेल्या, थंडीने कुडकुडणाऱ्या विमानप्रवाशांसाठी जो शेरिडन नावाच्या शेफने १९४० च्या दशकात ती बनवली. थांब्याने चव आणली!

पण थांबा लांबला तर? मेहरान करीमी नासेरी हे इराणी गृहस्थ १९८८ मध्ये पॅरिसच्या शार्ल द गॉल विमानतळावर अडकले. निर्वासिताची कागदपत्रं जवळ नाहीत, म्हणून लंडनने परत पाठवलं. विमानतळावर आले ते कायदेशीर, म्हणून फ्रान्स हाकलूही शकेना, आणि कागद नाहीत म्हणून आतही घेईना. पुढची जवळपास १८ वर्षं त्यांनी टर्मिनल १ मधल्या बाकावर काढली. १९९९ मध्ये कागद मिळाले, तेव्हा त्यावर त्यांनी स्वतःला लावलेलं 'सर आल्फ्रेड' हे नाव नाही म्हणून त्यांनी सही नाकारली! टॉम हँक्सच्या 'द टर्मिनल'ची प्रेरणा तेच. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांचं निधन झालं, त्याच विमानतळावर.

आणि अमेरिकेची गुपितं फोडणारे एडवर्ड स्नोडेन? २०१३ मध्ये मॉस्कोच्या शेरेमेत्येवोच्या ट्रान्झिट विभागात २३ जूनला उतरले आणि १ ऑगस्टला बाहेर पडले. अमेरिकेने त्यांचा पासपोर्टच रद्द केला होता.

आणि आपली माणसं! ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एअर इंडियाचं विमान इंजिनातल्या बिघाडामुळे रशियातल्या मगदानला उतरलं. २१६ प्रवासी, १६ कर्मचारी, रशियाचा व्हिसा काढायचा प्रश्नच कुणाच्या मनात नव्हता. गाव लहान, हॉटेलं अपुरी, म्हणून शाळेच्या इमारतीत जमिनीवर गाद्या पडल्या. मुंबईहून दुसरं विमान गेलं आणि ८ जूनला सगळ्यांची सुटका झाली. अचानक उतरलेल्यांना माणुसकीने आसरा मिळतो, तिथे व्हिसा आड येत नाही. ही या सगळ्या कागदी जगातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट!

एक गोष्ट मात्र मन हेलावणारी. डिसेंबर २०२३ मध्ये फुजैराहून निकाराग्वाला निघालेलं, ३०३ भारतीय प्रवाशांचं विमान फ्रान्समधल्या व्हात्री विमानतळावर इंधनासाठी थांबलं आणि मानवी तस्करीच्या संशयावरून तिथेच अडकलं. एका छोट्या विमानतळाचा हॉल झाला मुक्कामाची जागा आणि तिथेच भरलं न्यायालय! नाताळच्या दुसऱ्या दिवशी पहाटे २७६ जण मुंबईत उतरले. मूळ ३०३ प्रवाशांत सोबत पालक नसलेली मुलंही होती. 'मधल्या देशातून पोचवतो' म्हणणाऱ्या एजंटाच्या हातात घरदार विकून पैसे देऊ नका, ही विनंती आहे.

शेवटचा फटाका, पण हाच सगळ्यात उपयोगाचा. दोन वेगळ्या तिकिटांवर स्वस्तात प्रवास जुळवलात, तर बहुतेक ठिकाणी बॅग घ्यायला इमिग्रेशनच्या बाहेर पडावंच लागतं. तिथे एअरसाइड ट्रान्झिटच्या सवलती संपतात आणि बहुतेक वेळा प्रवेशाचा व्हिसा लागतो. हीथ्रोला उतरून गॅटविकहून उडायचं असेल तरी इमिग्रेशनच्या बाहेर पडावंच लागतं. म्हणून 'बुक नाऊ'चं बटण दाबण्याआधी चार गोष्टी बघा: थांबा कुठे, तिकीट एकच की दोन, विमानतळ तोच की दुसरा, आणि तुमच्या पासपोर्टसाठी त्या देशाच्या दूतावासाची वेबसाइट काय म्हणते. आई-बाबा एकटे येणार असतील, तर हे काम तुम्ही करा, आजच करा!