फोर-के टीव्ही आणला, तरी मॅच धूसर का दिसते?

सोयाबीन-कापसाचे पैसे हातात आले की यवतमाळ, पुसद, दिग्रस, उमरखेडच्या बाजारात मोठ्या टीव्हीची चौकशी सुरू होते. क्रिकेटचा मोसम असेल तर विचारूच नका. हप्त्यावर ‘फोर-के’ टीव्ही घरी येतो आणि मॅच मात्र पूर्वीसारखीच दिसते. मग दुकानदाराने फसवलं, असं वाटतं. पण दोष बहुतेक वेळा टीव्हीचा नसतो.

पडद्यावरचं चित्र बारीक ठिपक्यांनी बनतं. त्यांना पिक्सेल म्हणतात. साध्या एसडी चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे सुमारे ४ लाख ठिपके असतात. फुल एचडीत सुमारे २१ लाख आणि फोर-केमध्ये जवळपास ८३ लाख. आता सेट-टॉप बॉक्स ४ लाखच ठिपके पाठवत असेल, तर टीव्ही बाकीचे आणणार कुठून? तो तेच चित्र ताणून मोठं करतो. म्हणून धूसर दिसतं. कॅमेरा, चॅनेल, बॉक्स, वायर आणि टीव्ही ही एक साखळी आहे. एक कडी कमजोर, तर सगळं कमजोर.

आपल्याकडे २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दूरदर्शनने एचडी प्रक्षेपण दाखवलं. २०१५ च्या क्रिकेट वर्ल्ड कपचे काही सामने डीटीएचवर फोर-केमध्ये आले. २०२३ ची आयपीएल जिओ सिनेमाने मोबाइल-टीव्हीवर फुकट आणि फोर-केमध्ये दाखवली. पण टीव्हीवर येणारे बहुतेक चॅनेल आजही एसडी किंवा एचडीच आहेत. फ्री डिशवर तर बहुतेक एसडीच.

खेळात आणखी एक गोष्ट महत्त्वाची, सेकंदाला किती चित्रं येतात ती. ताशी १४० किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाला सुमारे ३९ मीटर जातो. सेकंदाला २५ चित्रं असतील, तर दोन चित्रांच्या मधे तो दीड मीटर पुढे निघून जातो. ५० असतील तर हेच अंतर निम्मं होतं. म्हणून चेंडू नीट दिसायला फक्त ठिपके वाढवून भागत नाही.

आता नेटचा हिशेब. फोर-के मॅचला साधारण २० एमबीपीएसचा वेग धरला, तर तासाला ९ जीबी डेटा लागतो. मोबाइलचा रोजचा दीड जीबी दहा मिनिटांत खल्लास! मुलांच्या अभ्यासाचा डेटाही त्यातच गेला.

तेव्हा पैसे मोजण्याआधी एवढं पाहा:

• बॉक्स एचडी आहे का? पॅकमध्ये स्पोर्ट्सचा एचडी चॅनेल घेतला आहे का?
• बॉक्सला लाल-पांढरी-पिवळी वायर लावली असेल तर ती काढून एचडीएमआय लावा. त्या पिवळ्या वायरीतून एसडीच चित्र येतं.
• बसायची जागा किती लांब? ४३ इंची टीव्हीपासून सहा-सात फुटांवर बसलात, तर एचडी आणि फोर-केमधला फरक डोळ्यांना फारसा कळत नाही.

आपल्या बहुतेक घरांना चांगला एचडी पुरेसा आहे. शेजाऱ्याने घेतला म्हणून आपणही हप्ते भरायचे, ही निव्वळ फुजूलखर्ची. एक वायर बदलून काम भागत असेल, तर ते पैसे मुलांच्या फीला ठेवा.