काकांचा डबा, दर दोन तासांनी!

नेरूळला गेले की माझा एक फिक्स प्रोग्रॅम असायचा. स्टेशनबाहेर काकांबरोबर वडापाव आणि वर कटिंग. गेल्या वर्षी काकांचं जठर काढलं. अख्खं. कॅन्सर होता. आता काका गाडीकडे न बघता पुढे जातात आणि मलाही एकटीनं खाववत नाही.

जठराशिवाय माणूस जगतो कसा, हा माझाही पहिला प्रश्न. जगतो की! झुरिचमध्ये १८९७ साली कार्ल श्लाटर या सर्जननं पूर्ण जठर काढलेली बाई वर्षाहून जास्त जगली होती. आता तर सर्जरी खूपच पुढे गेलीय. परळला टाटा मेमोरियल १९४१ पासून आहे, त्याच संस्थेचं अ‍ॅक्ट्रेक नेरूळपासून तीन स्टेशनांवर, खारघरला. पण घरी आल्यावरची लढाई किचनमध्ये असते, हे आम्हाला कुणी नीट सांगितलंच नाही.

डिस्चार्जच्या वेळी घाईघाईत एक इंग्रजी डाएट शीट हातात पडलं. काकूनं ते देवघराच्या ड्रॉवरमध्ये जपून ठेवलं आणि आजारी माणसाला आपल्याकडे देतात तेच सुरू केलं. भाताची पेज, वरणाचं पाणी, आणि प्रत्येक पाहुणा मोसंबी आणतो म्हणून दोन चमचे साखर घालून मोसंबीचा ज्यूस. ज्यूस प्यायला की वीस मिनिटांत काकांना दरदरून घाम, धडधड, पोटात मुरडा. दीड महिन्यात वजन ६२ वरून ५४! उरलेली केमो पुढे ढकलावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. ‘माझ्या हातचं काहीच सोसत नाही गं त्यांना,’ म्हणत काकू ओट्यापाशी रडली. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग एक डाएटिशियन भेटली, तिनं मराठीत समजावलं. जठर म्हणजे गोदाम. ते अन्न थोडं थोडं पुढे सोडतं. गोदामच नसलं की साखर धाडकन आतड्यात पडते, पाणी ओढून घेते, आणि हा सगळा तमाशा होतो. याला म्हणतात डम्पिंग. म्हणून ज्यूस बंद. जेवताना पाणी नाही, अर्ध्या तासानं घोट घोट. दिवसातून सहा ते आठ वेळा, वाटीभरच. आणि प्रोटीन! काकांच्या वजनाला रोज ६५ ते ८० ग्रॅम हवं. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम, वरणाच्या पाण्यात जवळपास काहीच नाही. काकूचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. शिवाय बी-१२ चं इंजेक्शन, तेही जन्मभर, कारण ते शोषायला लागणारा घटक जठरातच तयार होतो.

आता फ्रिजवर टाइमटेबल आहे. सातला अंडं, नऊला घट्ट दही, अकराला मऊ भात आणि सुरमईचा तुकडा... काका मोबाइलवर अलार्म लावून खातात. (माझ्या ऑफिसातली अर्धी मंडळी वजन उतरवायला दर दोन तासांनी खातात. मी हे काकांना सांगितलं, ते पोट धरून हसले.) संध्याकाळी वंडर्स पार्कला एक फेरी. खाल्लेलं स्नायूंना लागायला चालणंही हवंच.

केमो सुरू झाली. वजन ५६.

परवा काका म्हणाले, ‘आज आणतेस का एक?’ मी काकूकडे पाहिलं. तिनं पाव बाजूला काढला, वड्याचे चार तुकडे केले आणि एक त्यांच्या बशीत ठेवला. काका कितीतरी वेळ तो चावत होते. काकूचे डोळे घड्याळावर.

वीस मिनिटं झाली. पंचवीस झाली. ‘अहो, बरं वाटतंय ना?’ तिनं विचारलं. काकांनी बशी पुढे केली.