नायकाची शक्ती जाते कुठे?

१९९७ साली कोनामीचा ‘कॅसलव्हेनिया : सिम्फनी ऑफ द नाइट’ हा गेम प्लेस्टेशनवर आला. त्याचा नायक अल्युकार्ड हा ड्रॅक्युलाचा मुलगा. बापाच्या किल्ल्यात तो शिरतो तोच उंची तलवार, ढाल, चिलखत आणि शिरस्त्राण लेवून. दारातले राक्षसी लांडगे दोन-चार घावांत आडवे होतात. एवढ्यात साक्षात मृत्यू त्याची वाट अडवतो, चार वाक्यं बोलतो आणि अंगावरचं सगळं काढून घेऊन निघून जातो. त्यानंतरच्या शत्रूशी अल्युकार्डला नुसत्या बुक्क्यांनी लढावं लागतं. हाच अल्युकार्ड १९८९च्या ‘कॅसलव्हेनिया ३’मध्ये वटवाघूळ होऊन उडत होता. या खेपेला ती विद्याही त्याला किल्ल्याच्या दालनांतून हुडकून काढावी लागते.

व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पहिल्या भागात चाळीस-पन्नास तास घालवून नायकाला अजिंक्य करायचं, शेवटचा शत्रू लोळवायचा आणि दुसरा भाग हाती घेतला की तोच नायक पुन्हा निःशस्त्र दिसायचा. याला आळशीपणा म्हणून मोडीत काढणारे खूप आहेत. मला तसं वाटत नाही. ज्या गेमचा पुढचा भाग निघतो, त्या प्रत्येक गेमसमोर ही अडचण उभी राहते, आणि ती कशी सोडवली यावरून गेम करणाऱ्याची खेळाडूबद्दलची समज कळते.

अडचण नीट समजून घ्यायची तर अशा गेममध्ये शक्ती म्हणजे काय असतं ते पाहायला हवं. सिनेमातल्या नायकाची ताकद ही त्याची शोभा असते. गेममध्ये ती किल्ली असते. १९८६पासून चालत आलेल्या निन्टेंडोच्या ‘मेट्रॉइड’ मालिकेत सॅमस अरान ही अंतराळातली शिकारी लहानसा गोळा होऊन बोळकांडीत शिरते, क्षेपणास्त्रांनी ठरावीक दारं फोडते, उष्णतारोधक ‘व्हॅरिया’ चिलखत घालून लाव्ह्याशेजारून चालते. अवघा नकाशा या शक्तींभोवती रचलेला असतो. कुठली वाट कधी उघडावी, हे कुठली शक्ती कधी मिळते त्यावरून ठरतं. सॅमस सगळ्या किल्ल्या कमरेला लावूनच आली, तर नकाशात बंद असं काही उरतच नाही.

दुसरं कारण शिकण्याचं. हल्लीच्या गेमपॅडवर डझनभर बटणं असतात आणि दोन बटणं एकत्र दाबून होणाऱ्या हालचाली वेगळ्याच. पहिला भाग ज्याने खेळलेलाच नाही, त्याच्यासमोर पहिल्याच मिनिटाला हे सगळं ओतलं तर तो गांगरून जाईल. ज्याने खेळलाय, तोही चार-पाच वर्षांत निम्मं विसरलेला असतो. शक्ती एकेक करून परत देणं ही शिकवण्याची सोय आहे.

तिसरं कारण आकड्यांचं. २०००च्या ‘बॉल्डर्स गेट २’मध्ये आधीच्या भागातलं पात्र अनुभवगुणांसकट पुढे नेता येत होतं. पहिल्या भागात त्या गुणांना ८९,०००ची मर्यादा होती, म्हणूनच ते जमलं. पण २००१च्या ‘थ्रोन ऑफ बाल’पर्यंत नायक देवत्वाच्या उंबरठ्यावर जाऊन पोचला, आणि त्याच्यापुढे उभा करायला शत्रू कुठून आणायचा? २०२३मध्ये तिसरा भाग आला तो लॅरियन स्टुडिओजचा. त्यात नायक नवे, कथा शतकभर पुढची आणि पातळीची मर्यादा १२. जाहेरा आणि मिन्स्क हे जुने सोबती त्यात भेटतात. देवपदाच्या लढाईत नायकाच्या खांद्याला खांदा लावून लढलेले हे दोघे आता आपल्या नवशिक्या टोळीच्याच पातळीवर असतात. जाहेराच्या बोलण्यातून तिचं वय आणि तिने सोसलेलं जाणवत राहतं, त्यामुळे आकड्यांतली ही घसरण मला खटकली नाही. जुन्या माणसाला भेटल्याचा आनंद तिच्या पातळीवर अवलंबून नव्हता.

या प्रश्नाची पहिली मोठी कसोटी लागली ती अमेरिकेतल्या सर-टेक कंपनीच्या ‘विझर्ड्री’ मालिकेत. पहिला भाग १९८१चा, ॲपल-२ संगणकावरचा. १९८२च्या दुसऱ्या भागात शिरायचं तर पहिल्या भागात वाढवलेली पात्रंच फ्लॉपीवरून आणावी लागत. म्हणजे कुणाचीही कमाई बुडाली नाही, पण पहिला भाग न खेळलेल्याला दार बंद. १९८३च्या तिसऱ्या भागात त्यांनी तोड काढली. आणलेलं पात्र स्वतः येत नाही, त्याचा वंशज येतो आणि पहिल्या पातळीपासून सुरुवात करतो. घराणं राहिलं, बळ गेलं. आज दिसणाऱ्या बहुतेक युक्त्यांचं बीज मला या दोन वर्षांत दिसतं.

आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघरी जे टीव्ही गेम होते, त्यांच्या बहुतेक कॅसेटमध्ये खेळ साठवून ठेवण्याची सोयच नव्हती. वीज गेली की खेळ पहिल्यापासून. ‘काँट्रा’मध्ये जीव गेला की मिळवलेली पसरट गोळ्यांची बंदूकही जायची. तेव्हा कुणी तक्रार करत नसे, कारण नियम सगळ्यांना ठाऊक होता आणि चूक आपली होती. पुढच्या भागातलं हरवणं झोंबतं ते यासाठी की इथे आपण चुकलेलो नसतो. उलट जिंकून आलेलो असतो. डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की यांनी १९७९मध्ये मांडलं होतं की माणसाला मिळकतीच्या आनंदापेक्षा तेवढ्याच हानीचं दुःख जास्त जाणवतं. गेम करणारे या दुःखाचाच उपयोग करतात. न पाहिलेल्या शक्तीची ओढ लागत नाही. हातात घेऊन वापरलेली शक्ती काढून घेतली की ती परत मिळवण्यासाठी खेळाडू रात्र जागवतो.

म्हणून हे हरवणं कुणाच्या हातून आणि का होतं, याला फार महत्त्व आहे. २००२च्या ‘मेट्रॉइड प्राइम’मध्ये सॅमस शत्रूच्या अवकाशयानातून निसटत असताना एक स्फोट होतो आणि चिलखताच्या यंत्रणा निकामी पडतात. बस, एवढंच. गेम असामान्य आहे, कारण मात्र अगदीच फुसकं. दोन वर्षांनी आलेल्या दुसऱ्या ‘प्राइम’मध्ये त्याच कंपनीने, टेक्सासच्या रेट्रो स्टुडिओजने, हीच गोष्ट कितीतरी चांगली केली. इंग नावाचे छायाजीव सॅमसच्या शक्ती चोरतात आणि त्या स्वतः वापरतात. एकाकडे तिची उंच उडी, दुसऱ्याकडे तिचा वेगाने भिरभिरणारा गोळा, तिसऱ्याकडे भिंतीला चिकटून चढण्याची कला. ज्याने ती चोरली त्याला हरवून शक्ती परत घ्यायची. गोळ्याच्या वेगवान धडका आपण शत्रूला किती सहज देत होतो, हे त्या धडका आपल्याला बसू लागल्यावर कळतं.

‘गॉड ऑफ वॉर २’मधला (२००७) प्रसंगही असाच मुरलेला आहे. युद्धदेव झालेला क्रेटोस ऱ्होड्स शहरात प्रचंड पुतळ्याशी लढतोय. झ्यूस त्याला ऑलिंपसची तलवार देऊ करतो, पण तिच्यात स्वतःची सगळी दैवी शक्ती ओतण्याची अट घालतो. सूडाने पेटलेला क्रेटोस मागचापुढचा विचार न करता ती ओततो. पुतळा पडतो, आणि झ्यूस त्याच तलवारीने दुबळ्या झालेल्या क्रेटोसला भोसकतो. शक्ती गेली ती नायकाच्या स्वभावामुळे. ही शोकांतिकेची रीत आहे. २०१०च्या तिसऱ्या भागात मात्र तो स्टिक्स नदीत पडतो आणि नदीतले आत्मे त्याची शक्ती शोषतात. तिथे स्वभावाचा काहीच संबंध उरला नाही, नुसती सोय पाहिली गेली.

सर्वांत वाईट तोडगा २०१०च्या ‘मेट्रॉइड : अदर एम’मधला. यात सॅमसची कुठलीच शक्ती गेलेली नाही. तिचा जुना वरिष्ठ ॲडम मॅल्कोविच परवानगी देईपर्यंत ती वापरायची नाही, एवढंच ठरलेलं असतं. घातक शस्त्रांच्या बाबतीत हे पटतं. पण भट्टीसारख्या तापलेल्या विभागात सॅमस होरपळत धावते आणि अंगातच असलेलं उष्णतारोधक कवच चालू करत नाही, कारण अजून हुकूम आलेला नाही. चोवीस वर्षं जिच्याबरोबर खेळाडू एकट्याने ग्रह पालथे घालत आले, तिचा हा अपमान होता. चाहत्यांचा संताप मला पूर्ण रास्त वाटतो.

आपल्या महाकाव्यांना हा विषय परका नाही. हनुमानाला शापाने स्वतःच्या बळाचा विसर पडलेला असतो आणि समुद्रकाठी जांबवंत त्याची आठवण करून देतो. मौसलपर्वात द्वारकेच्या स्त्रियांना घेऊन निघालेल्या अर्जुनावर दरोडेखोर चालून येतात, तेव्हा गांडीवाला प्रत्यंचा चढवतानाच त्याची दमछाक होते, अस्त्रं आठवत नाहीत, बाण संपतात. पण अर्जुनाची शक्ती शेवटी जाते आणि परत यायची नसते. गेममध्ये ती सुरुवातीला जाते, परत मिळण्याच्या अलिखित वचनासह. त्यामुळे बहुतेक गेममध्ये हानीला खरं वजन येतच नाही. सॅमसला सगळं परत मिळणार, हे तिला नसेल पण आपल्याला ठाऊक असतं.

याला सणसणीत अपवाद म्हणजे २००२चाच, गेम बॉय ॲडव्हान्सवरचा ‘मेट्रॉइड फ्यूजन’. एसआर-३८८ ग्रहावर एक्स नावाचे परजीवी सॅमसच्या शरीरात आणि चिलखतात शिरतात. चिलखताचे भाग शस्त्रक्रिया करून अंगावरून काढावे लागतात. मेट्रॉइड जीवाच्या पेशींपासून बनवलेल्या लशीने ती वाचते, पण थंडी आता तिला घातक ठरते आणि पूर्वीचं नारिंगी चिलखत जाऊन निळसर, बारकी काया उरते. काढलेल्या भागांतल्या परजीवीने तोवर तिचंच रूप घेतलेलं असतं. एसए-एक्स असं त्याचं नाव. त्याच्याकडे तिच्या भराच्या काळातल्या सगळ्या शक्ती असतात, आणि तो अवकाशस्थानकाच्या बोळांतून तिला शोधत हिंडतो. दाराआड त्याच्या पावलांचा आवाज आला की खेळाडू श्वास रोखून उभा राहतो. आधीच्या गेममध्ये आपण जे झालो होतो, त्याच्यापासूनच आता लपायचं आहे. अखेरीस ओमेगा मेट्रॉइडशी गाठ पडते, तो एसए-एक्सला हरवतो आणि सॅमस त्याचा गाभा शोषून घेते. गोठवणारा किरण तिला परत मिळतो, तिच्यावर शिकार म्हणून टपलेल्या स्वतःच्याच प्रतिकृतीकडून. शक्ती जाणं हा इथे कथेचा गाभाच आहे. या एका गेमसाठी या क्लृप्तीचे बाकी सगळे दुरुपयोग मी माफ करायला तयार आहे.

काय काढून घेतलं याइतकंच काय राहू दिलं, तेही बघावं. २०१०च्या ‘मास इफेक्ट २’मध्ये नायक शेपर्डचं यान फुटतं, तो मरतो, दोन वर्षं खर्चून त्याला पुन्हा उभं केलं जातं. पातळी जवळपास शून्यावर येते, पण पहिल्या भागातले निर्णय सेव्ह फाइलमधून पुढे येतात. ज्याला वाचवलं तो भेटतो, ज्याला मरू दिलं तो भेटत नाही. २०२३च्या ‘टियर्स ऑफ द किंगडम’मध्ये तळघरातून उठलेला प्रेतवत खलनायक गॅननडॉर्फ नायक लिंकची मास्टर तलवार मोडतो, त्याचा उजवा हात निकामी करतो. भरलेल्या हृदयांच्या रांगा जाऊन तीनच हृदयं उरतात. मात्र आधीच्या भागात, ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मध्ये, तबेल्यात नोंदवलेले घोडे, जुनी सेव्ह फाइल त्याच कन्सोलवर असेल तर, नव्या गेममध्ये हजर असतात. आपल्या घोड्याला आपण दिलेलं नावसुद्धा तसंच. गेलेल्या शक्तींच्या जागी वस्तू जोडण्याची, छतातून वर निघण्याची, काळ उलटा फिरवण्याची नवी ताकद मिळते. जुनं परत मिळवत बसण्यापेक्षा हे कितीतरी सरस.

शक्ती न काढताही भागतं, हे सिएराच्या लोरी आणि कोरी कोल या जोडप्याने १९८९ ते ९०मध्येच दाखवलं होतं. ‘क्वेस्ट फॉर ग्लोरी’ मालिकेत पहिल्या भागात कौशल्यांची मर्यादा १००, दुसऱ्यात २००. पात्र फ्लॉपीवर घ्यायचं आणि पुढच्या देशात जायचं, कमावलेलं सगळं सोबत. नवख्यालाही नव्याने सुरुवात करता येई. २०२३च्या ‘जेडाय : सर्व्हायव्हर’मध्ये कॅल केस्टिस दुहेरी उडी, भिंतीवरची धाव असं आधीच्या भागातलं बरंच काही घेऊन येतो. त्यामुळे रिस्पॉन कंपनीला नव्या किल्ल्या घडवाव्या लागल्या: हवेतल्या हवेत झेप, वर खेचून नेणारी दोरी, हिरव्या पडद्यांतून आरपार जाण्याची ताकद. इथे गेम करणाऱ्याचे कष्ट वाढले आणि खेळाडूचं काहीच गेलं नाही.

आणि काही शक्ती अशा असतात की त्या काढताच येत नाहीत. १९९४च्या ‘सुपर मेट्रॉइड’मध्ये एका खोल विहिरीत तीन छोटे प्राणी भिंतीवर पाय देऊन उलटसुलट उड्या मारत वर जातात. पडद्यावर सूचना येत नाही, कुठली वस्तू मिळत नाही. खेळाडू त्यांना पाहतो, स्वतः करून बघतो, दहादा घसरतो आणि मग वर पोचतो. सॅमसला ही भिंतउडी पहिल्या मिनिटापासून येत असते. फक्त ती आपल्याला येत नव्हती. पुढच्या वेळी गेम कोऱ्या सेव्हपासून सुरू केला तरी जाणता खेळाडू उंच उडीचे बूट मिळण्याआधीच भिंतीभिंतीने चढतो, करणाऱ्यांनी योजलेला क्रम मोडतो आणि हव्या त्या वाटेने नकाशात शिरतो.