मातेचे अन्न गर्भापर्यंत कसे पोहोचते?

गर्भवतीने बेताने खाल्ले म्हणजे मूल लहान राहते व बाळंतपण सुलभ होते, असा समज अनेक घरांत आढळतो. गर्भ आपल्याला हवे ते मातेकडून ओढून घेतोच, असेही म्हटले जाते. या समजुतींतील तथ्य पाहावयाचे, तर वारेचे कार्य समजून घ्यावयास हवे.

वार अथवा अपरा हा गर्भाशयाच्या आतील भिंतीला चिकटलेला चपटा, गोल अवयव होय. दिवस पूर्ण भरल्यावर तिचे वजन सुमारे ५०० ग्रॅम असते. नाळेच्या योगे ती गर्भाशी जोडलेली असते. माता व गर्भ यांचे रक्त एकमेकांत मिसळत नाही. वारेत झाडाच्या फांद्यांप्रमाणे पसरलेल्या सूक्ष्म अंकुरांतून गर्भाचे रक्त वाहते आणि अंकुरांभोवती मातेचे रक्त खेळत असते. मधल्या अतिशय पातळ पडद्यातून सारी देवघेव चालते.

प्रत्येक पदार्थाची वाट निराळी असते. प्राणवायू विसरणाने सहज पलीकडे जातो. कार्बन डायऑक्साइड तसाच परत येतो. ग्लुकोजला वाहक प्रथिनांचे साहाय्य लागते. ॲमिनो आम्ले गर्भाकडे पोहोचविण्यासाठी वारेला ऊर्जा खर्च करावी लागते. लोह तर ती मातेच्या रक्तातून वेचून घेते. मातेच्या अंगी लोह कमी असले, तरी हे काम चालूच राहते. परिणामी तिचा पंडुरोग वाढतो. कमतरता तीव्र झाली, की गर्भाचा साठाही अपुरा पडतो. अपुऱ्या आहाराने मूल कमी वजनाचे जन्मते आणि अशा मुलाच्या जिवाला धोका अधिक असतो.

मातेचे प्रतिपिंडही वारेतूनच गर्भाला मिळतात. म्हणूनच गर्भवतीला दिलेली धनुर्वाताची लस नवजात बालकाचेही रक्षण करते. मात्र वार सर्वच अपायकारक द्रव्ये अडवू शकत नाही. मद्य आणि तंबाखूतील निकोटीन गर्भापर्यंत पोहोचतात. मिश्री लावणाऱ्या स्त्रियांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

सारांश, मातेला जे मिळेल त्यातूनच वार गर्भाला देऊ शकते. यास्तव गर्भवतीने डाळी, उसळी, हिरव्या पालेभाज्या, दूध व शक्य तर अंडी यांचा आहारात समावेश करावा. चौथ्या महिन्यापासून किमान १८० दिवस रोज एक लोह व फॉलिक आम्लाची गोळी घ्यावी. या गोळ्या शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात.