आजोबांची वेब्ली

गिरडकडच्या एखाद्या जुन्या मालगुजारी घरात आजोबांची परवान्याची वेब्ली रिव्हॉल्व्हर असेल, तर ती जुनी म्हणून निकामी झाली असे समजू नये. बर्मिंगहॅमच्या या कंपनीची १९१५ची ‘मार्क ६’ पहिल्या महायुद्धाच्या चिखलातही चालली. पोलाद भरपूर, नळी खाली दुमडली की सहाही रिकामी काडतुसे एकदम बाहेर. कानपूरची आपली ०.३२ बोअरची रिव्हॉल्व्हरही याच घराण्यातली.

झिजते ती बिजागरी आणि वरची खिट्टी. गोळ्यांचे चाक डुगडुगू लागले की गोळी नळीच्या सरळ रेषेत येत नाही, शिशाचे कण बाजूला उडतात. पण तिचा खरा शत्रू आपला पावसाळा. चामड्याच्या कव्हरात ठेवली की चामडे ओल धरते आणि नळीला आतून गंजाचे खड्डे पडतात. वरून मात्र पुसूनपासून लखलखीत!

आजोबांचा इंतकाल झाला की त्यांचा परवाना वारसांना चालत नाही. १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. वारसाला परवाना मिळाला तर परत मिळते, नाहीतर रीतसर विकता येते. ‘आजोबांची निशाणी’ म्हणून पेटीत दडवणे हा गुन्हा आहे. लग्नात हौसेने बार काढून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर २०१९च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हुजूर (स.) यांनी तर नंगी तलवार एकमेकांच्या हाती द्यायलाही मनाई केली होती. इथे घरात लहान मुले आहेत, आणि पेटीतली वेब्ली अजून चालते.